काचेकडे पाठ

आमच्या घरात फुटबॉलची मॅच लागली की मी टीव्हीकडे पाठ करून बसते. मला हौस नाही, माझ्या लेकाचा कायदा आहे. म्हातारीने बघितलं की त्याच्या टीमवर गोल होतो म्हणे! माझ्या नजरेने घरातलं दूध कधी नासलं नाही, पण अकरा दांडगे गडी मात्र हरतात. मग मी भिंतीकडे तोंड करून मटार सोलते आणि सुनेला विचारत राहते, "काय झालं गं?" ती बघते आणि मला सांगते.

लेक पन्नाशीला टेकलाय. लिफ्ट दुरुस्त करतो आणि रविवारी आपल्यासारखेच पोटवाले जमवून स्वतः खेळतो. मी म्हणते, "अरे, बॉल कुठला नि पोट कुठलं, समोरच्याला कळतं तरी का?" तर म्हणतो, "आई, म्हणून तर फसतात."

पण मागच्या आठवड्यापासून माझं हसणं गेलंय. जिना चढताना तो मधेच थांबला आणि डावा खांदा चोळत उभा राहिला. "अवघडलाय जरा," म्हणाला. त्याचे वडीलही गेले त्या दिवशी असंच म्हणाले होते. त्यांचं ताट तसंच राहिलं.

डॉक्टरकडे चल म्हणून मी त्याच्या मागे लागले. त्याचं एकच, "रविवारची मॅच होऊ दे." मग रविवारी मीही सुनेला घेऊन मैदानावर गेले.

लेकाच्या टीमचा गोलकीपर म्हणजे औषधाच्या दुकानातला टकल्या. मला बघताच ओरडला, "मावशी, आलात तर आलात, पण तोंड तिकडे हं!" माझी खुर्चीही त्यानेच फिरवून दिली. लेकाने लांबूनच हात जोडले. बसले मी, उभ्या गाड्यांकडे बघत.

मागे बूट धपधपत होते, शिव्या उडत होत्या. त्या गलक्यात मी एकच आवाज धरून होते. "इकडे दे! दे ना रे!" असं तो ओरडला की माझा जीव जरा भांड्यात पडायचा.

मग तो आवाज येईनासा झाला.

"काय गं?"

"काही नाही. वाकून उभे आहेत."

"सरळ झाला का?"

"हो. पेनल्टी मिळालीय, हेच मारणार आहेत."

"चेहरा कसा दिसतोय?"

सुनेने माझा हात घट्ट धरला. मी वळले.

त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. बॉल जागेवर ठेवला आणि हात परत खांद्याकडे गेला. चौफेर ओरडा झाला, "मावशी, तोंड तिकडे!" मी सरळ मैदानात घुसले, बॉल उचलला आणि काखेत मारला.

"आई, एवढा एक गोल..."

"गोल गेला खड्ड्यात. चल."

टकल्या धावत आला तो भांडायलाच. त्याने लेकाचं तोंड पाहिलं आणि मुकाट्याने गाडी काढली.

दवाखान्यात लेकाला आत नेलं, छातीला वायरी लावल्या. दाराला काच होती. सून काचेला चिकटली. मीही उठले, आणि मधेच थांबले. मैदानात मी वळून बघितलं होतं. वेडेपणा आहे, मला कळतं. ज्यांनी हा नियम काढला त्यांना मीच गाढवं म्हणत आलेय. तरी बॉल पोटाशी धरून मी काचेकडे पाठ केली.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"गप्प बस. तू बघ नि मला सांग."

"डॉक्टर काहीतरी सांगतायत... नर्स धावत गेली."

"आणि तो?"

"इकडेच बघतायत. हाताने खुणा करतायत." तिने माझा पदर ओढला. "आई, तुम्हाला वळायला सांगतायत."

जन्मभर बघू नकोस म्हणणारा माझा लेक. एवढा घाबरलाय. आणि त्याला दिसतेय काय, तर आईची पाठ.

मी वळले.