सायीच्या रंगाचं घर

"पांढऱ्याला पांढरं जोडू नकोस गं पोरी, नजरेला धरायला काठ लागतो," शिवण शिकवणारी मावशी आईला तरुणपणी म्हणायची. मावशीला जाऊन जमाना झाला, पण आई भिंत चाचपत चालू लागली, तसा तो आवाज पुन्हा तिच्या कानाशी येऊन बसला.

घर लेकीने सजवलं होतं. भिंती सायीच्या रंगाच्या, पडदे सायीचे, सोफा सायीचा, आणि बैठकीतून स्वयंपाकघरात उतरणारी पायरीही सायीचीच. "एकाच रंगाच्या छटा, आई. घर कसं निवांत वाटतं." नोकरी सोडून घरं सजवण्याच्या धंद्यात तिने मांडलेलं हे पहिलं काम. गिऱ्हाइकाला दाखवायला दुसरं होतं काय तिच्याकडे?

आईला मात्र ते घर सांडलेल्या दुधासारखं दिसायचं. सोफा कुठे संपला, पायरी कुठे लागली, काही उमगेना. एकदा पडता पडता वाचली. मग तिने पायरीच्या कडेला लाल चिंधी अंथरली, खुर्चीच्या पाठीवर गडद निळा रुमाल टाकला.

"आई, हा काय बाजार मांडलायस?"

"वाळत घातलंय गं."

"पायरीवर?"

"वारा तिथेच लागतो."

लेक हसली, आईही हसली. डोळे अधू झाले म्हटलं तर शिलाई मशीन बंद होणार. गेल्या आठवड्यात मरून रंगाच्या झग्यावर चॉकलेटी दोऱ्याची टीप पडली, तेव्हा "नवी फॅशन" म्हणून तिने वेळ मारून नेली होती. पण खरा काटा वेगळाच. पोरीने जीव ओतून रंगवलेल्या घरात आपलं पाऊल ठरत नाही, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुपारी गिऱ्हाईक बाई आल्या. लेकीने चिंधी, रुमाल आधीच कपाटात कोंबले होते. आई खुर्ची धरून बसून राहिली. बाईंनी पडद्यावरून हात फिरवला, पायरी उतरून पाहिली.

"अगदी अस्संच हवं. वडिलांची खोली करून घ्यायचीय. ऐंशी उलटलीय त्यांची. न्हाणीघराची पायरीसुद्धा अशीच, एकजीव."

"करू या ना," लेक म्हणाली. असा मोकळा आवाज आईने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"काकू, तुम्ही तर राहताच इथे. कसं वाटतं?"

"छान आहे," आईच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "वडिलांना नीट दिसतं ना?"

"मोतीबिंदू आहे. पण सांगतायत कुठे? विचारलं की म्हणतात, मस्त चाललंय."

लेक वहीत हे सगळं टिपायला वाकली होती. आईला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसते काळे केस दिसत होते. त्या केसांकडे बघतच ती म्हणाली, "बाळ, त्यांना अशी खोली करू नकोस. मला ती पायरी दिसत नाही. तू रंग दिलास त्या दिवसापासून मी पायाने चाचपत चालतेय."