ओतशाळेतली कप्पी

ढोकीच्या स्टेशनाजवळ शांतलिंगप्पांची ओतशाळा होती. उसाच्या चरकात फिरून ऊस पिळणाऱ्या जड लोखंडी लाटा तिथं ओतल्या जात. अप्पांनी सोलापुराहून साखळीची कप्पी आणली होती. ती छताखालच्या रुळावरून सरकायची आणि तयार लाट एकटा गडी हसतखेळत बैलगाडीत चढवायचा. पण भट्टीतला वितळलेल्या लोखंडाचा उकळता रस साच्यापर्यंत माणसांनीच न्यायचा. दांड्याला रसाचा डोल, म्हणजे लोखंडी बादली, अडकवून, एक पुढं, एक मागं. लाट पडली तर फुटते, माणूस पडला तर दुसरा मिळतो. अप्पांचा न्याय असा सरळ होता.

बारा वर्षं पुढं गोरोबा, मागं लिंबाजी. आता लिंबाजीची कंबर गेली होती. परवा त्याचा पाय लटपटला आणि रसाचा शिंतोडा गोरोबाच्या पोटरीत घुसला. पुन्हा लटपटला की दोघंही जळणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. गोरोबानं तीनदा विनवलं, "अप्पा, कप्पीचा रूळ भट्टीकडं न्या."

"धुरानं काळी पडंल की रे ती!"

गोरोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस काळा पडलेला चालतो मेल्यांना!

ओतशाळेची रीत अशी, की खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्यानंतर आधी मालकानं कामाला लावायचं, मग गड्यांनी. दरवर्षी अप्पा हातोडीचा एक ठोका मारून मोकळे होत. यंदा गोरोबानं पूजेत दांडाही मांडला. अप्पांनी न बघता त्यालाही कुंकू वाहिलं आणि तिथंच ते फसले.

दसरा सरला, भट्टी पेटली, डोल भरला. कुणी हलेना.

"उचला की रे, रस गोठंल!"

"पुजलेला दांडा हाय, अप्पा," गोरोबा म्हणाला. "आदी तुमचा खांदा."

सगळ्यांदेखत रीत मोडायची अप्पांची छाती झाली नाही. पुढं गोरोबा, मागं अप्पा, असा दांडा उचलला. चौथ्याच पावलाला त्यांचे गुडघे वाकले, डोल हिंदकळला आणि धोतराचा काठ पेटला. "उतरव! उतरव रे!" गड्यांनी वाळू टाकून आग विझवली.

आठ दिवसांत रूळ भट्टीपर्यंत आला. गोरोबानं साखळी ओढली, भरला डोल अलगद उचलला गेला. अप्पा खूश झाले. "झकास! आता एकच गडी पुरं. लिंबाजी, उद्यापासनं येऊ नकोस."

लिंबाजी मटकन खाली बसला. गोरोबानं डोल अर्ध्या वाटेवर तसाच लटकत ठेवला आणि साखळी सोडून दिली.

"कंबर हितं मोडली त्याची. कप्पी लिंबाजीच वढंल, म्या साचे भरीन. न्हायतर राहू द्या लटकत!"

एकेक गडी येऊन गोरोबाच्या मागं उभा राहिला. डोलातला लाल रस कडेनं काळवंडू लागला. माणसांकडं नाही, त्या रसाकडं बघत अप्पा म्हणाले, "ऊठ लिंबाजी. वढ साखळी."