विटक्या लाल स्वेटरची शरम

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे. लाल म्हणावे तर लाल नाही, पांढरा म्हणावे तर पांढरा नाही. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरकार्न बंदराच्या फुटबॉल क्लबात चषकांच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर मला ठेवले आहे. पोरे काचेला नाक लावून हसतात. हसू द्या. भर मैदानात मी याहून पुष्कळ वाईट ऐकले आहे.

खरे तर मी स्वेटर व्हायचाच नव्हतो. दुसरे महायुद्ध चालू होते आणि आमच्या बंदरातल्या बायका आरमारातल्या पोरांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे विणत. त्यासाठी पांढरी, तेलकट लोकर चर्चच्या दालनात येई. ते तेल मेंढीच्याच अंगचे. त्यामुळे खारे पाणी लवकर आत शिरत नाही. ही लोकर वाटायचे काम एफी रेनीकडे होते. बाई सरळ, देवभीरू, आणि विणकामात तिचा हात धरणारी गावात कुणी नव्हती.

तिचा एकुलता एक मुलगा हेक्टर. आठवडाभर गोदीत जहाजांचे पत्रे जोडायचा आणि शनिवारी गावच्या संघाचा गोलकीपर व्हायचा. गोदीतल्या कामगारांना सरकारने लढाईवर जाऊच दिले नव्हते. त्याच्यापुढे बचावाला खेळणारा त्याचा जिवलग मित्र माग्नस मात्र पाणसुरुंग काढणाऱ्या बोटीवर गेला होता. आपण मागे राहिलो, ही बोच हेक्टरला होतीच.

अशात बातमी आली की, चषकाच्या अंतिम सामन्याला स्कॉटलंडचा संघ निवडणारे गृहस्थ खास हेक्टरला बघायला येणार. त्याचा जुना स्वेटर कोपरांवर फाटलेला, आणि युद्धामुळे कपडे कुपनांवर मापातच मिळत, ती कुपने संपलेली. एफीची नजर चर्चच्या कपाटातल्या आरमाराच्या लोकरीकडे गेली. पुढच्या खेपेच्या कुपनांतून भरून देऊ, असे तिने मनाशी म्हटले आणि मला विणायला घेतले. मग दुकानातल्या पुडीचा लाल रंग उकळून मला त्यात बुडवले. रंग धरायचा तर आधी साबणाने सगळे तेल काढावे लागते. पण साबणही मापात मिळायचा, आणि एफीने तो वाचवला. हेक्टरला तिने सांगितले, "मामाच्या जुन्या स्वेटरची लोकर आहे."

सामन्याच्या पूर्वार्धात हेक्टरने काय एकेक चेंडू अडवले! निवड करायला आलेले हॅटवाले गृहस्थ एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. मलाही वाटले, लाल रंग आपल्याला शोभतो.

मग पाऊस आला. माझा रंग ओघळून हेक्टरच्या पांढऱ्या चड्डीवर आणि गुडघ्यांवर उतरला. लोकांना वाटले, पोरगा जबर जखमी झाला. क्लबचा वॅटी बादली आणि स्पंज घेऊन धावत आला.

"कुठे लागलं रे?"

"कुठेच नाही."

"मग हे काय?" म्हणत वॅटीने माझ्यावर स्पंज घासला. तिथले लाल सगळे स्पंजात गेले आणि खाली मी उघडा पडलो, पांढरा आणि तेलकट.

गोलच्या मागे, नेहमीच्या जागी, माग्नसची आई बेथिया उभी होती.

"हेक्टर, इकडे वळ बघू जरा," ती म्हणाली. तो वळला. "ही तर आरमाराची लोकर."

ती ओरडली नाही. पण त्या कडेच्या एकूण एक बाईने ती लोकर विणली होती. ओळखायला वेळ लागला नाही.

"अरे, मोज्यात पाय घालतात, पोट नाही!"

"पोरं तिकडे गारठतायत, आणि हा बघा कसा उबेत!"

हेक्टरला तेव्हा कुठे उमगले. त्याने दोन्ही हात छातीवर आडवे धरले, मला झाकायला. नेमका तेव्हाच चेंडू आला, साधा, घरंगळत आलेला. शेंबड्या पोरानेही अडवला असता. हेक्टरचे हात सुटेपर्यंत तो आत गेला होता. सामना गेला आणि शेवटची शिटी व्हायच्या आधीच हॅटवाले उठून गेले. मित्रांनो, गोलकीपरचे हात माझ्यामुळे अडकले. त्या क्षणी उसवून जावे असे मला वाटले.

घरी एफी चुलीपाशी सूप ढवळत होती.

"आई, लोकर कुठली?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"शेजाऱ्यांनी ऐकायचं राहिलंय काय आता?"

एफीच्या हातातला डाव थांबला. "मला चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही रे."

हेक्टरने मला अंगातून काढले. मग मला बगलेत मारून तो बेथियाच्या दारी गेला.

"काकू, मीच उचलली लोकर. आईला ठाऊक नव्हतं. हा उसवा आणि माग्नसला मोजे विणा."

बेथियाने मला उलटसुलट केले. माझी मनगटे ती बराच वेळ न्याहाळत होती.

"अर्धं तेल उकळून गेलंय. माग्नसच्या पायात पाणी शिरेल."

"मग काय करू?"

"घाल. दर सामन्याला हाच घाल. गावाला दिसू दे."

आणि त्याने घातला. दरवेळी माझा थोडा रंग जाई, आणि दरवेळी परक्या मैदानावर कुणीतरी ओरडे, "मोजा आला रे!" हेक्टर पूर्वीपेक्षा चांगला खेळत होता, पण त्याला बघायला पुन्हा कुणी आले नाही. एफीने घेतल्या लोकरीच्या कितीतरी पट मोजे विणून दिले. मैदानाकडे मात्र ती फिरकली नाही. मला वाळत घालायची तेही मागच्या अंगणात, भिंतीच्या आड. आईची चूक मुलाच्या अंगावर, आणि ती चूक म्हणजे मी. ती शरम कुठल्या साबणाने जाणार?

युद्ध संपले. माग्नस धडधाकट परत आला आणि पुन्हा हेक्टरच्या पुढे खेळायला उभा राहिला. त्या शनिवारी एफी चर्चची ठेवणीतली टोपी घालून मैदानावर आली. बेथियाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बेथिया, लोकर मी घेतली होती. पोराला ठाऊकसुद्धा नव्हतं."

बेथियाची नजर चेंडूवर होती. "माहीत आहे मला. मनगटाचा तो टाका इथे तुझ्याशिवाय कुणाला येतो गं?"

"मग त्याला का घालायला लावलास?"

"तू येशील म्हणून," बेथिया म्हणाली. "मला वाटलं होतं, पुढच्याच शनिवारी येशील."

हेक्टरने आईला पाहिले आणि हात हलवला. त्याच्या कानशिलांवरचे केस तोवर पिकले होते. पुढच्या हंगामात त्याच्या जागी दुसरा, तरणा गोलकीपर आला. स्कॉटलंडकडून हेक्टर कधीच खेळला नाही.

आता क्लबात घाटत आहे की, मला पुन्हा झकास लाल रंगवावे. मित्रांनो, तेवढे करू नका. कसर लागू देऊ नका, उन्हात टाकू नका, पण माझे डाग राहू द्या. आणि तुमची चूक कुणा दुसऱ्याच्या अंगावर दिसली, तर पुढच्याच शनिवारी जा. मी लोकर आहे, मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.