लुगड्याच्या गाठीतली चावी

मी एक जुनी चावी आहे, सावली गावाजवळच्या लटारूभाऊंच्या पांढऱ्या व्हॅनची. मित्रांनो, आम्ही दोघी बहिणी एकाच दिवशी कारखान्यात घडलो. बहीण लटारूभाऊंच्या खिशात गेली. मला त्यांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, लुगड्याच्या पदराला गाठ मारून बांधलं.

"तुमचा काई भरोसा नाई," त्या नवऱ्याला म्हणायच्या. "एक दिवस डोकसं बी विसरून याल."

त्यांच्याबरोबर मी धानाच्या रोवणीला बांधीतल्या चिखलात उतरले, चुलीपुढे बसले. लटारूभाऊंना खिशात चावी सापडली नाही की ते गुपचूप पदराकडे हात करत. तेवढंच माझं कौतुक.

दिवाळीआधी भागीरथाबाई वारल्या. लटारूभाऊंनी ते लुगडं घडी करून लोखंडी पेटीत ठेवलं. मी गाठीतच राहिले. वर आणखी लुगडी. हलायला जागा नव्हती. पाच महिने पेटी कोणी उघडली नाही.

चैत्रात लटारूभाऊ मोहाची फुलं वेचत असताना बहीण त्यांच्या खिशातून पाचोळ्यात पडली, ती सापडलीच नाही. व्हॅन दारात अडकली. चंद्रपूरहून धम्मदीप चावीवाला आला. पेटीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"काका, दुसरी चावी असंन तर इथीच नक्कल काढतो. नाई तर लॉकच बदलावं लागन."

"दुसरी नाई," लटारूभाऊ म्हणाले.

मी तिथून चार हातांवर होते. लॉक बदललं असतं तर माझ्याने जन्मात काही उघडलं नसतं.

"खोटं काऊन बोलता बाबा?" त्यांची मुलगी दिव्या म्हणाली. "आईच्या पेटीत हाये ना."

"त्या पेटीले हात नाई लावाचा."

"कधीच नाई?"



"बदलू का मंग?" धम्मदीपने पेचकस काढला.

"थांब बापू."

झाकण उघडलं. लटारूभाऊ कितीतरी वेळ लुगड्यावर नुसता हात ठेवून बसले. मग त्यांना गाठ सापडली, पण सुटेना. दिव्याने कैची आणली.

"नोको. कापू नोको." ते नखांनी गाठ उकलत बसले. "लय कसून गाठ मारे तुही माय."

दिव्या हसली आणि रडलीही.

धम्मदीपने माझ्यावरून नवी चावी कापली. गाडी चालू झाली. लटारूभाऊंना कुठे जायचं नव्हतं. ते तसेच आत बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणाची अशी पेटी असेल. घाई करू नका. पण ती कायमची बंद ठेवू नका. आत फार अंधार असतो.