मधली लाईन

प्रभाकररावांनी घराच्या वाटण्या केल्या तेव्हा साऱ्या गल्लीनं त्यांच्या न्यायबुद्धीचं कौतुक केलं होतं. वर्ध्याच्या बाजारात जन्मभर कापड मोजलेला माणूस. त्यांनी घरही कापडासारखंच मोजलं आणि फाडलं. रस्त्याकडचा भाग थोरल्या गुणवंताला, मागचा अंगणासकट धाकट्या धर्मेंद्रला, आणि मधल्या दोन खोल्या व एक संडास स्वतःला आणि कौशल्याबाईंना. घंगाळ दोघांत एक होतं, ते विकून टाकलं. तुळशीची माती काढून दोन कुंड्यांत भरली. जमिनीच्या खाली काय आहे, ते तेवढं वाटायचं राहून गेलं.

खाली चिनीमातीच्या पाइपांची लाईन होती, घर बांधलं तेव्हाची. गुणवंताच्या संडासातून निघायची, मधल्या संडासाला सोबत घ्यायची आणि धर्मेंद्रच्या सैपाकघराखालून जाऊन मागच्या टाकीत पडायची. वाटण्या झाल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं. भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले तरी ती आपली एकत्र कुटुंबासारखी वाहत राहिली.

मग पाइपांचे सांधे सुटले, कडुनिंबाची मुळं आत शिरली आणि धर्मेंद्रच्या सैपाकघरात फरशीच्या फटींतून ओल वर आली. ओलीबरोबर वासही आला. धर्मेंद्रची बायको नलू म्हणाली, "मी पोळ्या लाटू का नाक धरू?" धर्मेंद्रनं फरशी उखडली, लाईन शोधली आणि तिच्या तोंडात सिमेंटचा बोळा कोंबला.

"ज्याची घाण त्यानं सांभाळावी," तो म्हणाला.

"अरे, त्याच लाईनीवर आमचा संडास हाये," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मले दादाची बंद कराची होती. तुमची मधात आली, त्याले मी काय करू?"

मधला संडास दोन दिवसांत तुंबला आणि उलटून बाहेर आला. त्यात पाय घसरून प्रभाकरराव पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. सुटी द्यायच्या वेळी डॉक्टरांनी कौशल्याबाईंना एवढंच विचारलं, "घरी कमोडचा संडास आहे ना? यांना आता खाली बसता येणार नाही." कौशल्याबाईंनी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी सुटी आठवड्यानं पुढं ढकलली. तेवढ्यात लाईन व्हायला हवी होती.

कौशल्याबाईंनी आपल्या भावाला, पुंडलिकरावांना, पवनारहून बोलावलं. मामा समोर बसले तर भाचे बोलतील, असा हिशोब. भाचे बोललेही, पण मामाशी. एकाच खोलीत बसून "त्याले सांगा", "त्याले पुसा" असं चाललं होतं. शेवटी मामांनी निवाडा दिला : ज्यानं त्यानं आपल्या जागेखालची लाईन नवी करायची आणि आईबापाच्या खोलीखालची अर्धी-अर्धी. दोघांनाही हे इतकं न्याय्य वाटलं की मामांना जेवायला कोणीच थांबवलं नाही.

काम दोघांनीही एकाच माणसाला सांगितलं. गवंडीकाम करणारे वर्ध्यात पुष्कळ, पण भरलेली जुनी लाईन उघडायला तयार होणारे थोडे. सिंदी मेघेचा प्रेमदास थूल तयार झाला. सकाळी तो गुणवंताकडे खोदायचा, दुपारी धर्मेंद्रकडे. दोन्ही घरांनी त्याच्या चहाचा कप वेगळा, बाहेरच्या खिडकीत ठेवला होता. हे मात्र दोघा भावांनी एकमेकांना न विचारता केलं होतं.

पहिल्याच दिवशी गुणवंतानं त्याला बजावलं, "पाइप खोल घे. भरपूर खोल. त्यानं उद्या पुन्हा बोळा मारला तरी माह्या घरात उलटून नाई आलं पाह्यजे. अन् किती खोल घेतलं ते तिकडं सांगजो नको."

दुपारी धर्मेंद्र म्हणाला, "पाइप उथळ घे. त्याचं पाणी इकडं यायले जड गेलं पाह्यजे. अन् तिकडं बोलशीन नको, सांगून ठेवतो."

"पण भाऊ, दोन्ही पाइप मधात भेटले पाह्यजे ना," प्रेमदास म्हणाला.

"तुले लाईन टाकाले बोलावलं का समेट कराले?"

मधल्या खोलीत खड्डा झाला. एका बाजूनं गुणवंताचा पाइप आला, दुसऱ्या बाजूनं धर्मेंद्रचा. दोन्ही नवेकोरे, चकचकीत. धर्मेंद्रचा पाइप गुणवंताच्या पाइपापेक्षा हातभर वर होता.

कौशल्याबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. "आता रे?"

"आता पाण्याले जिना लागते, काकू," प्रेमदास म्हणाला. "कोणीतरी एकानं माघार घ्यावी. यानं वर घ्यावं नाई तं त्यानं खाली."

कौशल्याबाई आधी पुढं गेल्या. गुणवंत म्हणाला, "मी काऊन वर घेऊ? पाणी खालीच जाते, हे तं लेकरालेबी समजते. त्याले सांग." मग त्या मागं गेल्या. धर्मेंद्र म्हणाला, "मी नवी फरशी बसवून राह्यलो, अन् आता उखडू? ज्यानं पाताळ खोदलं, त्यानं भरावं."

"बाबूजीले परवा सुटी हाये रे," त्या म्हणाल्या.

"आणू ना. बाबूजी काय माह्ये कोणी नाई?" धर्मेंद्र म्हणाला. अगदी हेच वाक्य गुणवंतही म्हणाला होता.

गुणवंतानं मग रस्त्याच्या बाजूला स्वतःची वेगळी टाकी बांधून घेतली आणि उतार उलटा फिरवला. धर्मेंद्रची मागची टाकी होतीच. दोघांचीही लाईन उत्तम चालू झाली. मधल्या खड्ड्यात दोघांच्याही पाइपांची तोंडं झाकणं लावून बंद झाली, आणि त्या झाकणांच्या मधोमध प्रभाकररावांचा संडास कोरडा उभा राहिला.

प्रभाकरराव घरी आले. खाटेवरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लाईन झाली का वं?"

"झाली. दोघायचीबी मस्त झाली."

खाटेखाली भांडं आलं. ते रिकामं करायला कौशल्याबाई एक दिवस पुढं जायच्या, एक दिवस मागं. सोमवारी थोरल्या सुनेचा उपास, त्या दिवशी भांडं तिच्या दारातून चालत नसे. गुरुवारी नलूचा. चतुर्थीला दोघींचाही असे.

त्या चतुर्थीला कौशल्याबाई भांडं घेऊन दोन्ही दारांना जाऊन आल्या. पुढून थोरली म्हणाली, "आज नको ना आई, चंद्रोदय होऊ द्या." मागून नलूनं आवाज न देता कडी लावली. कौशल्याबाई मधल्या खोलीत परत आल्या. खड्ड्याच्या काठावर थोडा वेळ थांबल्या आणि भांडं त्यांनी दोन झाकणांच्या मधे उपडं केलं. दुपारी आणखी एकदा केलं.

संध्याकाळी दोन्ही दारं उघडली. कित्येक वर्षांनी दोघे भाऊ, मधे मामा नसताना, एका खोलीत समोरासमोर आले, दोघांच्याही नाकाला रुमाल.

"ही घाण कोणाची?" गुणवंत ओरडला.

"तुमच्या बापाची," कौशल्याबाई म्हणाल्या.

खाटेवर प्रभाकररावांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी भावांनी प्रेमदासला बोलावलं. यावेळी त्यांच्यात एका शब्दाचाही वाद नव्हता : खड्डा बुजवून वर पक्का कोबा करायचा. मजुरी निम्मी-निम्मी. प्रेमदास थापी फिरवत असताना कौशल्याबाईंनी त्याला हळूच विचारलं, "भाऊ, तुह्या ओळखीत भाड्याची खोली हाये का? खालच्या मजल्यावरची. कमोडवाली."

प्रेमदासची थापी थांबली. "माहीच एक हाये. बाबासाठी कमोड बसवलं होतं, ते गेले. मंग एक नर्सबाई राह्यत होती, तिची बदली झाली. पण काकू, आमची वस्ती हाये. विहाराच्या मागं. बाबूजी येतीन का?"

प्रेमदासचा बाप कापड घ्यायला दुकानात आला की प्रभाकरराव उरलेले सुट्टे पैसे त्याच्या हातात देत नसत, गादीवरून सरकवून देत. हे कौशल्याबाईंना आठवलं. प्रेमदासलाही आठवत असावं, कारण तो पुन्हा कोबा घोटू लागला होता.

"त्याइले मी पुसत नाई," त्या म्हणाल्या. "तू खोली झाडून ठेवजो."

प्रेमदास ऑटो घेऊन आला तेव्हा मुलांनी बापाला उचलून आत बसवलं; गुणवंतानं खांदे धरले, धर्मेंद्रनं पाय. "त्या वस्तीत? लोकं काय म्हणतीन, आई?" दोघेही म्हणाले. थांबा मात्र कोणी म्हणालं नाही. ऑटो वळण्याआधी गुणवंतानं प्रेमदासला बाजूला घेतलं. मधल्या खोल्यांत भिंत कुठून टाकता येईल, ते एकदा येऊन पाहून जा, असं तो सांगत होता. धर्मेंद्र जरा अंतरावर, आपली पाळी यायची वाट बघत उभा होता.

सिंदी मेघेच्या खोलीत दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकरराव वॉकर टेकत संडासात गेले. कौशल्याबाई दाराशी उभ्या राहिल्या. आत बराच वेळ काही आवाज नव्हता.

"काय झालं जी?" त्यांनी विचारलं.

"हे कोणाच्या घराखालून जाते वं?" आतून आवाज आला.

"कोणाच्याच नाई. मागं टाकी हाये."

आत मगा बादलीवर आपटला आणि पाणी ओतल्याचा आवाज आला. पाणी गेलं. प्रभाकरराव मात्र लवकर बाहेर आले नाहीत.