ओरेस्टच्या उंचीचं टेबल

मी मालिशचं टेबल बोलतोय. मालिश म्हटल्यावर मेणबत्त्या आणि बासरीचे सूर डोळ्यांसमोर येत असतील, तर ते आधी बाजूला ठेवा. मी कॅनडातल्या विनिपेग गावी एका शाळेत उभा आहे. इथे उपचाराची मालिश शिकवतात, आणि मी ज्या खोलीत आहे तिथे तर वरच्या शिक्षणाचा, पुढचा वर्ग भरतो. आखडलेले खांदे, ट्रक चालवून चालवून धरलेल्या कमरा, हॉकीत दुखावलेल्या मांड्या असलं सगळं माझ्यावर येऊन पालथं पडतं. गोड बोलण्याची सवय मला आहे, पण आज जमणार नाही. माझं डोकं फिरलंय.

माझा जन्म स्टाइनबाख गावाजवळच्या एका सुताराकडे झाला. मेपलचं लाकूड, वर जाड गादी, पुढे तोंड घालायला गोल कडं. सुतारानं माझ्या चारही पायांत एकाखाली एक भोकं पाडली आणि हातानं फिरवायचे नट बसवले. नट सोडा, पाय हव्या त्या भोकावर सरकवा, नट आवळा, की मी उंच होतो नाहीतर ठेंगणा होतो. हे त्यानं शोभेसाठी केलं नव्हतं. मालिश करणाऱ्यानं माझ्याशेजारी उभं राहायचं, हात सरळ खाली सोडायचा, मूठ वळायची; मूठ जिथे येईल तिथे माझी गादी असली पाहिजे. मग अंगाचा भार आपोआप हातातून उतरतो आणि जोर लावावा लागत नाही. पुढच्या वर्गाचं निम्मं शिक्षण एवढ्यातच आहे असं मी म्हणेन. पण मला विचारतो कोण?

शाळेत आलो आणि पहिल्याच दिवशी ओरेस्टनं माझ्याशेजारी उभं राहून मूठ वळली. ओरेस्ट वासिलिशिन हा इथला शिक्षक. माणूस म्हणजे दाराची चौकट. तरुणपणी हॉकी खेळायचा, त्यात कंबर गेली, दोनदा कापाकापी झाली. त्याला वाकता येत नाही. वर्गात या टेबलावरून त्या टेबलाकडे जात तो हात लावून दाखवतो, म्हणून सगळी टेबलं त्याच्या मुठीच्या मापाची. शिवाय ती सरळ एका रांगेत दिसली पाहिजेत, कारण शाळा बघायला पाहुणे येतात. त्याची कंबर खरोखर दुखते, ते मी नाकारत नाही. पण एकाची कंबर वाचवायला वर्गभर दुसऱ्यांचे हात मोडायचे, हा कुठला न्याय?

या गावच्या माणसांची एक खोड तुम्हाला सांगायलाच हवी. ही माणसं तक्रार करत नाहीत. बाहेर थंडीनं नाकातले केस गोठले तरी म्हणतील, ठीक आहे, वारा तरी नाहीये. माझ्यावर पालथं पडल्यावर विद्यार्थी विचारतो, "दाब कसा वाटतोय?" की झालं, "मस्त, मस्त!" आणि चादरीखाली दोन्ही हातांनी माझा काठ असा आवळून धरतात की माझं लाकूड कुरकुरतं. पायाची बोटं वळलेली असतात. विद्यार्थ्याला समाधान वाटतं, गिऱ्हाईक धन्यवाद देऊन जातं आणि तीन दिवस मान वळवत नाही. वर्गात कसला दाब, कसला स्नायू, सगळं शिकवतात. समोरच्याचे हात बघा, एवढं कोणी शिकवत नाही. विद्यार्थ्यांनाही तेच वळण. ओरेस्टनं विचारलं, "सगळ्यांना जमतंय ना?" की सगळे नंदीबैल.

अशा या वर्गात लिगाया आली.

लिगाया बाराओना. फिलिपिन्समधल्या इलोइलोची. इथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, कुशीवर वळवणं हे काम ती करत आली होती. दिवसभर काम आणि संध्याकाळी वर्ग. परवाना मिळवायचा आणि दारावर आपलं नाव असलेली एक खोली थाटायची, एवढंच तिचं मागणं होतं. हात चांगले होते तिचे. उबदार, घाई नसलेले. मी हजारो हात सोसले आहेत, मला कळतं. पण उंची? हात सोडून उभी राहिली की माझा काठ तिच्या कोपरापाशी यायचा. अशा उंचीवर अंगाचा भार टाकायचा कसा? ती टाचा उचलून अंगठ्यांनी दाबायची. नुसत्या अंगठ्यांनी.

एका संध्याकाळी तिनं गुपचूप माझे नट सोडले आणि मला तीन भोकं खाली घेतलं. मला तर पाय मोकळे झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात ओरेस्ट आला.

"हे कोणी केलं?"

"मी केलं, सर."

"सर नको म्हणूस गं, ओरेस्ट म्हण. आणि ते वर घे. रांगेत खड्डा पडल्यासारखं दिसतंय."

"पण सर, मला भार टाकता येत नाही. सगळं अंगठ्यांवर येतं."

"ताकद कमवावी लागते, लिगाया. टेबल खाली घेऊन ताकद येते होय? नाहीतर हलक्या हाताची मालिश कर. हॉटेलांत मागणी आहे तिला."

वर्गात दोघं-तिघं हसले. तिनं मान खाली घातली आणि मला पुन्हा वर घेतलं. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी काय बोललो असतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डार्सी नावाची तिची जोडीदारीण होती. शेतावर वाढलेली, उंच, मोकळ्या तोंडाची. विद्यार्थी एकमेकांवर सराव करतात, तशा या दोघी माझ्यावर करायच्या. हिवाळ्यातल्या एका सरावात डार्सी पालथी होती आणि लिगाया तिच्या खांद्याच्या पात्याशी झटत होती. अचानक लिगायाचा हात थांबला.

"काय गं, काय झालं?" डार्सीनं कड्यातूनच विचारलं.

"काही नाही. अंगठा."

"बघू." डार्सी चादर गुंडाळून उठून बसली. "अगं, हा सुजलाय! कधीपासून?"

"परवा म्हातारबाबांना वळवताना कळ आली, तेव्हापासून बरणीचं झाकणसुद्धा उघडेना."

"ओरेस्टला सांग."

"सांगितलं. म्हणाला, बर्फ लाव."

"हा बाबा सगळ्यालाच बर्फ लावायला सांगतो. गावात कमी आहे का बर्फ?" दोघी हसल्या. मग डार्सी हळू आवाजात म्हणाली, "मी बोलू का त्याच्याशी?"

"नको. परीक्षा होऊ दे. तो मला आधीच कमजोर समजतो."

डार्सी पुन्हा पालथी पडली. मोकळ्या तोंडाची म्हणवणारी पोरगी, तीही गप्प! मला लिगायाचा राग आला, डार्सीचा आला, सगळ्या गावाचा आला. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा एकदा झिजला की परत भरत नाही. या कामात हात गेला की सगळंच गेलं. हे त्या वर्गातल्या भिंतीवरच्या चित्रात रंगवून दाखवलेलं आहे, आणि त्याच चित्राखाली तिचा अंगठा रोज झिजत होता.

परीक्षेची इथली रीत अशी की शिक्षक स्वतः टेबलावर झोपतो. विद्यार्थ्यानं त्याची पाठ करायची आणि त्यानं गुण द्यायचे. जे पाठीला कळतं ते डोळ्यांना कळत नाही, असं ओरेस्ट म्हणतो, आणि ते बरोबर आहे. लिगायाची पाळी आली तेव्हा तो माझ्यावर पालथा पडला, चादर ओढली आणि भिंतीवरचं घड्याळ सुरू झालं.

लिगाया माझ्याजवळ आली. हात खाली सोडला, मूठ वळली. मग म्हणाली, "सर, उठा."

"काय?"

"टेबल खाली घ्यायचंय. उठा जरा."

"लिगाया, परीक्षा सुरू झालीय."

"म्हणूनच उठा म्हणते."

तो उठला. एवढा थोरला माणूस चादर गुंडाळून, उघड्या पायांनी गार फरशीवर हीटरला पाठ लावून उभा राहिला. ती गुडघ्यांवर बसून माझे नट सोडायला लागली. अंगठा लावता येईना, म्हणून तळहातानं घासून घासून फिरवायची. एक पाय झाला, दुसरा झाला. तिसऱ्याचा नट अडला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. घड्याळ चाललेलं. ओरेस्ट बघत होता. पुढे होऊन एक नट फिरवावा असं काही त्याला वाटलं नाही.

शेवटी मी खाली आलो. तो परत झोपला. तिनं अंगठे बाजूला ठेवले, कोपराखालचा हात त्याच्या पाठीवर आडवा टेकवला आणि नुसती पुढे झुकली. बस, झुकली. तो सगळा भार त्याच्या पाठीतून माझ्या गादीत, गादीतून पायांत आणि पायांतून जमिनीत गेला. इतकी वर्षं मी उभा आहे, पण काम म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"दाब कसा वाटतोय?"

"मस्त," ओरेस्ट म्हणाला. आणि त्याच्या मुठीत माझा काठ!

"मग टेबल का आवळलंय?" लिगाया म्हणाली. "हात सोडा, सर. मी कमी करते. दुखलं तर दुखतंय म्हणायचं."

त्याचे हात सुटले. थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला आणि चक्क घोरायला लागला. डावी बाजू अर्धी राहिली असताना घंटा वाजली.

तो उठून बसला, कंबर इकडेतिकडे वळवून बघितली. "एवढ्या वर्षांत माझी पाठ अशी कोणी सोडवली नव्हती," तो म्हणाला. "पण पूर्ण नाही झाली. नापास करावं लागेल."

"वेळ टेबलात गेला, सर."

"टेबल लावणं हे परीक्षेच्या आधीचं काम."

"आधी लावू दिलं असतं तुम्ही?"

तो शर्टाची बटणं लावत राहिला. तिला पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा शहाणा ड्रिल घेऊन आला. एकेका टेबलाला त्यानं पहिल्यासारखं उंच केलं आणि चारही पायांत आरपार स्क्रू ठोकले. "परीक्षेत पुन्हा कुणाचा वेळ वाया जायला नको," म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला, हे तर आणखीच वाईट. जी गोष्ट त्याच्या पाठीला कळली, ती त्याच्या डोक्यापर्यंत पोचलीच नाही. माझ्या लाकडाला तडा गेला, तोही तेव्हाच.

हिवाळा सरून नदीवरचं बर्फ फुटलं तेव्हा लिगाया परत परीक्षेला आली. अंगठ्याला पट्टा बांधलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा अंगठा आता जोराचं काम करणार नाही. काखेत एक जाड गोधडी होती. ओरेस्ट चादर घेऊन तयारच होता. ती माझ्यापाशी वाकली, नटाला हात लावला आणि तिला स्क्रू दिसले. चारही पायांचे तिनं बघून घेतले. मग उठली आणि गोधडी फरशीवर अंथरली.

"खाली या, सर."

"जमिनीवर? ही कुठली पद्धत?"

"आमच्याकडे जमिनीवरच करतात."

"अगं, पण टेबल आहे ना!"

"परीक्षा पाठीची आहे की टेबलाची?"

कण्हत, एक गुडघा, मग दुसरा, असं करत तो खाली गेला. ती त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि हाताच्या त्याच आडव्या भारानं दोन्ही बाजू संपवल्या. वेळ उरला. मी शेजारी रिकामा उभा होतो. मालिशच्या शाळेत, परीक्षेच्या दिवशी, माझ्यासारखं टेबल असताना एका कारागिरिणीला जमिनीवर बसावं लागलं. माझी इतकी नाचक्की कधी झाली नव्हती, आणि तिचा मात्र मला एवढा अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

"पास," गोधडीत तोंड खुपसूनच ओरेस्ट म्हणाला. मग उठायला गेला, तर कंबर उठू देईना. त्यानं हात वर केला. "जरा ओढ गं."

"नाही जमणार, सर," लिगाया म्हणाली. "माझा अंगठा गेलाय. टेबलाला धरून उठा."

त्यानं माझा पाय पकडला. स्क्रूचं टोक पलीकडून बाहेर आलेलं, ते तळहातात घुसलं. "आई गं!" म्हणाला. रक्त आलं. तसाच धरून उठला, हाताला रुमाल गुंडाळला आणि पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारली.

लिगायानं आता दारावर आपलं नाव लावलंय असं डार्सी परवा कोणाला तरी सांगत होती. कोपरांनी काम करते, दिवसाला थोडीच गिऱ्हाइकं घेते, कारण हात तेवढेच पुरतात. या वर्षी माझ्यापुढे एक नवीन पोरगी उभी आहे. लिगायापेक्षाही बुटकी. आत्ता, मी बोलतोय तेव्हा, तिच्या टाचा उचललेल्या आहेत.

मला विकून टाका, सरपणाला द्या, वाटेल ते करा. पण त्या पोरीला कोणीतरी एक स्क्रूड्रायव्हर आणून द्या हो. माझ्या पायांत चार स्क्रू आहेत, काढायला कितीसा वेळ लागतो! खोलीत एवढी धट्टीकट्टी माणसं आहेत. ओरेस्ट विचारतोय, सगळ्यांना जमतंय ना? आणि ऐका, सगळे म्हणताहेत, मस्त.