हंसाच्या हाडातला हिवाळा

एझ्रा लूमिसने हंसाच्या छातीचं हाड दिव्यासमोर धरलं आणि अग्निशमन दलाच्या हॉलमधली काट्याचमच्यांची खडखड एकदम थांबली. जिवंत हंस दूध आणि पाणी वेगळं करतो म्हणतात. पार्कर्स हॉलो गावात मेलेला हंस, तोही भाजून खाल्लेला, पुढचा हिवाळा कसा जाईल ते निवडून सांगे.

"जांभळे डाग बघा!" एझ्रा डोळे मिटून म्हणाला. "कडेला गडद, मधे फिके. लिहून ठेवा, बर्फ पडणार!"

ऑन्टारिओ सरोवराच्या काठी हिवाळ्यात बर्फ पडणार, या भाकितावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरा चमत्कार पुढे. दर नोव्हेंबरला या जेवणानंतर एकेक कुटुंब हॉलमधल्या पडद्याआड जाई आणि त्यांच्या घरावर मोठं वादळ कोणत्या आठवड्यात कोसळणार, ते एझ्रा कानात सांगे. "वसंतापर्यंत कुणाशी बोलायचं नाही. गुपित फुटलं, की हाड मुकं होतं."

एप्रिलच्या जेवणात ज्यांचं खरं ठरलं ते उभे राहून सांगत. एकदोघं तर रडतसुद्धा. ज्यांचं चुकलं ते मान खाली घालून बटाटे खात. गुपित कुणी फोडलं, म्हणून बायकांना नवऱ्यांचा संशय येई, नवऱ्यांना सासूचा. हाडाचा संशय कुणालाच आला नाही. एझ्रा पैसा घेत नसे. त्याच्या दारातला बर्फ मात्र गाव उपसून देई, त्यामुळे बर्फाच्या या जाणकाराने कित्येक वर्षांत फावडं धरलं नव्हतं.

डेला व्रूमन त्याची सख्खी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून गायींचा गोठा ती एकटीच सांभाळी. गोठ्याचं छप्पर जुनं झालं होतं, तुळयांना टेकू द्यायचे होते.

"जानेवारी कोरडा आहे, डेले," त्या नोव्हेंबरात एझ्रा पडद्याआड कुजबुजला. "तुझं वादळ फेब्रुवारीच्या शेवटी. टेकू दे सावकाश."

"नक्की ना, दादा?"

"तुला फसवीन का गं मी?"

जानेवारीत शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या हॅरिएटबाईंचा फोन आला. "डेला, सरोवर अजून गोठलेलं नाही आणि त्यावरून गार वारा सुटलाय. बर्फाचा पट्टा तुमच्याच रस्त्यावर बसेल, असं हवामान खातं म्हणतंय. आजच टेकू लाव."

"बाई, तुमचं हवामान खातं माझ्या घरी जेवायला येतं का? दादा येतो."

बर्फ रात्रंदिवस कोसळत राहिला. सकाळी डेला दूध काढायला निघाली आणि तिच्या डोळ्यांदेखत छप्पर कडकडत खाली बसलं.

गाव फावडी घेऊन धावलं. निम्म्या गायी जिवंत निघाल्या. बाकीच्यांवर ताडपत्री ओढताना शेजारचा क्लाइड धापा टाकत म्हणाला, "बरं झालं, मी तयारीत होतो. एझ्राने मला हाच आठवडा सांगितला होता."

डेला थबकली. "हाच? आपलं कुंपण एक आहे, क्लाइड. मला तो जानेवारी कोरडा म्हणाला."

"मला नाताळ सांगितला," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"आम्हाला मार्च!"

हॅरिएटबाईंनी कपाळावरचा बर्फ पुसला. "सरोवराचा बर्फ पट्ट्याने पडतो. या रस्त्यावर कंबरभर, पलीकडच्या रस्त्यावर ऊन. सगळे आठवडे गावभर वाटून टाकले, की कुणाचा तरी लागतोच. लागलेला ओरडून सांगतो, चुकलेला स्वतःलाच दोष देतो. म्हणून तर तोंड बंद ठेवायची शपथ!"

"आणि ते डाग?" क्लाइडने विचारलं.

"हाडातलं तेल. हाड कसं शिजलं, कसं वाळलं, तसे डाग उमटतात. पुन्हा उकळा, तुमचा हिवाळा बदलेल."

एझ्रा गर्दीच्या कडेला उभा होता. डेला त्याच्यासमोर गेली. "दादा, निदान मला तरी खरं सांगायचंस."

"खरं मला तरी कुठं ठाऊक होतं?" एझ्रा म्हणाला. "त्या दिवशी तू रांगेत शेवटी आलीस, डेले. तेवढाच आठवडा उरला होता."

 डेलाने वळून गावाला विचारलं, "इतक्या वर्षांत ज्यांचं भाकीत कधी चुकलं, त्यांनी हात वर करा."

एक हातमोजा वर गेला. मग दुसरा. मग जवळजवळ सगळेच. क्लाइडचाही.

"लागलेलं तेवढं आपण मिरवलं," डेला म्हणाली. "चुकलेलंही मोजलं असतं, तर आज या गायी उभ्या असत्या. यापुढे कुणी भाकीत सांगायला आला, की आधी विचारा, बाकीच्यांना काय सांगितलंस? आणि आजवर किती वेळा चुकलास? उत्तर द्यायला जो कचरेल, त्याच्या भरवशावर काहीही सोडू नका."

वाचलेल्या गायी थंडीने थरथरत होत्या. एझ्रा पुढे झाला. "माझ्या कोठारात ने त्यांना. छप्पर मजबूत आहे."

"कुणाकडून तपासून घेतलंयस?"

एझ्राने मान खाली घातली.

"मग राहू दे," डेला म्हणाली आणि गायी क्लाइडच्या गोठ्याकडे हाकत निघाली.